मावसाजींचा हिरवा दिवा

जगात उशीर नावाची काही गोष्ट असते हे ज्याला मान्यच नव्हतं असा एकच माणूस मी पाहिला, गुढियारीत राहणारे माझे मावसाजी, म्हणजे मावशीचे यजमान. कुकरची तिसरी शिटी पुरती व्हायच्या आत त्यांनी गॅस बंद केलेला असे, त्यामुळे त्या घरात मी शिजलेली डाळ क्वचितच खाल्ली. लग्नात भटजी 'सावधा'पर्यंत येतात न येतात तोच यांच्या अक्षता नवरदेवाच्या फेट्यावर! पंडरी मोहल्ल्यातल्या एका लग्नात भटजींनी डोळे वटारले, तर हे म्हणतात कसे, "तुमी लेट झाले महाराज." रेल्वेच्या ऑफिसात सारा जन्म कारकुनी केलेल्या माणसाला इतकी घाई कशाची, हे आधी कुणालाच कळेना.

मग आमचं राज्य वेगळं झालं आणि शहराबाहेर नवी राजधानी बांधायला घेतली. तिथे रस्ते आधी आले, माणसं मागून यायची होती. त्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर एका क्लबानं मोटरसायकलींची ड्रॅग रेस ठरवली. दोघांनी शेजारी उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की सुटायचं, सरळ रस्ता, आधी पोचेल तो जिंकला. मावसाजींची जुनी मोटरसायकल होती आणि आयुष्यात एकदा तरी तिच्यावरून शर्यत जिंकायची, हे त्यांनी निवृत्तीच्या तोंडावर मनावर घेतलं. "गाडी तं सगळ्यायचीच पयते," ते मला म्हणाले, "जितते तो, जो दिवा पायल्याबरोबर सुटते."

त्यासाठी त्यांनी एक डबा करून घेतला. वर पिवळा आणि हिरवा दिवा, खाली इलेक्ट्रॉनिक टायमर, त्याची तार मोटरसायकलच्या क्लचला. हिरवा लागल्यावर क्लच सोडायला किती वेळ लागला, तो आकडा डब्यावर उमटे. दिवा आपोआप लागायची सोय होती, पण ती त्यांनी काढून टाकली. "मशीनचा अंदाज येते बे. बाईमाणसाचा कोनाले आला?" म्हणून रोज संध्याकाळी अंगणात मोटरसायकल स्टँडवर, तिच्यापुढे डबा, तिच्यावर हेल्मेट घातलेले मावसाजी, आणि मागे पाटावर बटन घेऊन मावशी. "आमच्या घरीच चौक झाला, बापा," ती म्हणायची, "अन् पोलीस मी!" आकडा मात्र शून्याला टेकत चालला होता. क्लबातले पोट्टे तो ऐकून गारच पडले.

शर्यतीच्या दिवशी मी आणि मावशी बांबूंच्या कठड्यामागे उभे होतो. मावसाजी रेषेवर आले. पिवळा लागला. हिरवा लागला. शेजारचा पोट्टा धूर सोडत गेलाही, आणि आमचे मावसाजी क्लच दाबून, मान जराशी मागे कलती करून, तसेच बसलेले! भोंग्यावरून ओरडा झाला, "अंकल, जाइए ना!" मावशी किंचाळली, "अहो, हिरवा झाला!" तेव्हा कुठे ते सुटले. लोक पोट धरधरून हसले. मलाही हसू आलं असतं, पण मावशीकडे पाहवेना.

दुसऱ्या संध्याकाळी मावशीनंच डबा पुढे ओढला. एकदा नेहमीसारखं बटन दाबलं, आकडा शून्याजवळ. मग डाव्या हातानं उजव्या मनगटावरच्या बांगड्या घट्ट धरल्या आणि दाबलं. आकडा असा आला की मीसुद्धा जिंकलो असतो.

"तुमी दिवा पाहतच नाही जी," ती हळूच म्हणाली. "माया बांगड्या ऐकून राहिले तुमी."

मावशीनं एकेक बांगडी उतरवायला घेतली. "या काढून ठेवते. मंग शिका बरोबर. पुढच्या शर्यतीले वर्षभर आहे अजून."

मावसाजींनी खाली उतरून तिचं मनगट धरलं. "काढू नको. मी जित्ता आहो ना अजून!"

"मग दिवा आपोआप लागू द्या," मी म्हटलं.

"अन् तुही मावशी? ते उठून अंदर जाईन ना बे."

पुढल्या वर्षी शर्यतीच्या दिवशी मी मुद्दाम त्यांना न्यायला गेलो, पण ते निघायचं नावच काढीनात. तयारी केली असती तर जिंकले असते, असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं, आणि फार वाईट वाटतं. अंगणात मोटरसायकल स्टँडवर होती, इंजिन बंद. मावसाजी हेल्मेट घालून बसलेले. बांगड्या वाजल्या, क्लच सुटला.

"पाय, पाय, किती आला!"

मावशीनं आकड्याकडे पाहिलंच नाही. पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "हव, जितले तुमी."