आईने ओटीत घातलेली गुलाबी लिली

मंडळी, आत्ताच बोरी अरबहून, ताईच्या गावाहून, घरी आले आणि राहवत नाही म्हणून लिहितेय.

पावसाळ्यात फुलणारी ती गुलाबी लिली तुम्हाला ठाऊक असेल. तिचे कंद छोट्या कांद्यांसारखे दिसतात. साठच्या दशकात आईने ते घाटंजीच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या बंगल्यातून मागून आणले आणि आमच्या विहिरीभोवती लावले. आम्हा दोघी बहिणींच्या लग्नात तिने हळकुंड-सुपारीसोबत तेही ओटीत घातले. ताईच्या सासूबाई तर लसूण समजून फोडणीत टाकायला निघाल्या होत्या!

"एकीचं गेलं तं दुसरीकडून आनजा," आई म्हणाली होती.

पुढे आईची विहीर बुजली. मी फ्लॅटमध्ये आले आणि माझ्या कुंडीतले कंद कुजले. मी हळहळलेसुद्धा नाही. ताईच्या अंगणात आहेतच ना!

आज ते आणायला रिकामी पिशवी घेऊन गेले. पाहते तर अंगणभर सिमेंटचा कोबा.

"ताई, आईची लिली कुठंय?"

ताई माझ्या पिशवीकडे बघत राहिली. "मले वाटलं, तूच घेऊन आली. तुह्याकडं आहे म्हनून तं मी कोबा करू देल्ला."

दर रविवारी आम्ही फोनवर तासभर बोलतो. गुडघ्यांपासून नातवंडांपर्यंत सगळं बोलून होतं. हे तेवढं कधी विचारलं नाही.

नर्सरीत मिळते, हे कृपा करून सांगू नका. तुमच्या आईचं असं काय आहे, जे बहिणीकडे असेलच म्हणून तुम्ही निर्धास्त आहात?