काचेच्या सिलेंडरमधले भोवरे

इंजिनात इंधन नीट जळायचं, तर आतली हवा चांगली घुसळली जावी लागते. ते घुसळणं मोजणं हे माझं काम. काचेच्या सिलेंडरमध्ये तेलाचं बारीक धुकं सोडायचं, लेसरच्या उजेडात पाठोपाठ फोटो घ्यायचे आणि थेंब कुठे सरकले यावरून भोवरे ओळखायचे. सोबतचे सगळे एकेक करून बॅटरीच्या विभागात गेले. प्रयोगशाळेत मी एकटीच उरले.

परवा कदमकाका आले. ही काच इतकी वर्षं तेच पुसत आले होते, आणि परवा त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस होता.

"मॅडम, जाण्याआधी आत काय दिसतं ते एकदा बघू द्या," ते म्हणाले. लेसर सुरू झाला की त्यांना नेहमी बाहेर जावं लागे.

मी त्यांना शेजारी बसवलं आणि पडद्यावर फोटो संथपणे दाखवले. भोवरे उठत होते, फुटत होते, विरत होते.

"इंजिनाच्या दर फेरीला वेगळेच?"

"हो. आम्ही शेकडो फेऱ्यांची सरासरी काढतो. पण त्या सरासरीसारखी एकही फेरी नसते."

काका बराच वेळ बघत राहिले. "आणि एवढं सुंदर तुम्ही एकट्याच बघता?"

सुंदर हा शब्द या खोलीत कुणी उच्चारलाच नव्हता. अहवालात त्याला जागा नसते.

ते गेल्यावर मी पुन्हा इंजिन सुरू केलं. पडद्यावर एक भलामोठा भोवरा काचेला लगटून वर चढला.

"हा बघा केवढा!" मी शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणाले.