हा शब्द राहतो कुठे?

"मास्तर, हा शब्द राहतो कुठे?"

शब्दाचा अर्थ सांगून झाला, दोन वाक्यांत वापरून दाखवला, तरी तिचा हा प्रश्न ठरलेला. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला शिकवण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटणं बरं वाटतं. माझ्या वाट्याला ही आली होती.

नायगावच्या बीडीडी चाळीत ती आमच्याच मजल्यावर राहायची. मॅट्रिकनंतर चार वर्षं गिरणीच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात काढलेली. आता कॉलेजात जायचं होतं, पण शिक्षणात खंड पडलेल्यांना तिथे आधी इंग्रजीचा वेगळा पेपर द्यावा लागे. त्यातले शब्द हायस्कुलात वीस वर्षं इंग्रजी शिकवून मीसुद्धा क्वचितच उच्चारले होते. वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून तिच्या बाजूचे, पण घर चालवायचा थोरला भाऊ. त्याने बजावलं होतं, यंदा पास झाली तर कॉलेज, नाही तर गिरणी आणि लग्न.

पहिल्याच दिवशी मी सांगितलं, "ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी."

"कोणासारखा?"

"कोणासारखा म्हणजे? हट्टी म्हणजे हट्टी."

"तसं डोक्यात नाही राहत मास्तर. राहतो कुठे तो?"

वैतागून म्हणालो, "खालच्या हवालदारांकडे." दुसऱ्या दिवशी हवालदारांच्या दारावर खडूने इंग्रजीत तो शब्द लिहिलेला. खडू माझाच, शाळेतून आणलेला. कामावर जाता-येता वाचते म्हणाली. महिनाभरात चाळीतली चाळीस दारं भरली.

शेजारच्या काकूंच्या दारावर 'लोक्वेशस' आलं. त्यांनी मला अर्थ विचारला. बडबड्या असं कुठल्या तोंडाने सांगणार? "गोड बोलणाऱ्या," मी म्हणालो. त्यांनी खूश होऊन वाटीभर शिरा पाठवला. पुढे भाच्याने खरा अर्थ सांगितल्यावर त्यांनी बोलणं टाकलं ते माझ्याशी, तिच्याशी नव्हे.

माझं दार मात्र रिकामं होतं. एकदा सहज विचारलं, सहज कसलं, आठवडाभर मनात घोळत होतं, "माझा शब्द कुठला?"

"तुमचा अजून आला नाही," पुस्तकातून मान वर न काढता ती म्हणाली. मला ते लागलं.

संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं. चाळीच्या भिंतींवर घोषणा, नाक्यावर पोलिसांची गाडी. एका सकाळी पोलिसांची तुकडी आत शिरली आणि दारादारावरचे इंग्रजी शब्द पाहून साहेबांना वाटलं, ही आंदोलनवाल्यांची खूण आहे. मास्तर म्हणून मला बाहेर बोलावलं. एकेका शब्दाचा अर्थ सांगत मी त्यांच्यामागून दारोदार फिरलो. हट्टी माणसाच्या दाराशी येऊन साहेबांनी विचारलं, "इथे कोण राहतो?" तुकडीतूनच हवालदार पुढे आले. "मीच, साहेब." सगळी दारं पुसायचं काम त्यांनाच मिळालं.

पेपरला चार दिवस राहिले होते. मी तिच्यावर ओरडलो, "वहीत लिही म्हणून कंठशोष केला. आता बस."

ती ओल्या दारांकडे बघत राहिली. "दारं पुसली मास्तर. माणसं आहेत ना जागेवर."

चार दिवस रजा काढून ती नुसती व्हरांड्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघत होती. तिचं वर्ष गेलं असं मी धरून चाललो होतो. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माझा आवाज चढतो.

पेपर देऊन ती आली. "एक शब्द आपण कुठल्याच दारावर लिहिला नव्हता. इरॅसिबल."

"म्हणजे सोडलास? तरी सांगत होतो—"

"लिहिला की. चटकन भडकणारा. कुठे राहतो ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दारावर लिहायची छाती नाही झाली."

मी दार आपटून आत गेलो.

ती पास झाली. कॉलेज झालं, मग औरंगाबादला शिक्षिका झाली. सुरुवातीला पत्रं येत, पुढे थांबली. माझ्या हाताखालून शेकडो मुलं गेली, पण कोणाची आठवण रोज येत असेल तर ती हिचीच.

गेल्या आठवड्यात चाळीला रंग लागला. घरात कोणी नाही असं बघून मी कपाटातला जुना खडू काढला आणि माझ्या दारावर तो शब्द ठळक इंग्रजीत लिहिला. कोणी विचारलंच तर इथे राहतो.