कँटीनचा भात आणि शेळीचा कणा

निघोज्यात आमच्या घरामागे धाकट्या जावेच्या शेळ्या आहेत. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले. शेळ्यांचा धडा मात्र निवृत्तीनंतर गिरवला.

दीर चाकणच्या एका कंपनीत आहेत. शिफ्ट सुटली की कँटीनमध्ये उरलेला भात नि चपात्या बादलीत भरून ते मोटारसायकलवरून आणत. शेळ्या त्यावर तुटून पडत आणि महिन्याभरात गोल होत. येणारे-जाणारे थांबून कौतुक करीत. त्यांतली सर्वांत गोल शेळी गेल्या वर्षी विण्याच्या तोंडावर खाणे सोडून बसली आणि पोटातल्या करडांसह गेली. अंगावर चरबी फार साठली होती, असे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले.

"हिच्या लेकीचं बी तसंच झालं, तर म्या समद्या शेळ्या काढून टाकनार," जाऊ म्हणाली. लेक, म्हणजे काळी, तेव्हा आईइतकीच गोल झाली होती.

मी डॉक्टरांकडून तपासण्याची रीत शिकून आले. पोट पाहून शेळीचे वजन ठरवू नये, कारण पोटात चारा आणि पाणी असते. शेवटच्या बरगडीमागे कण्यावर बोटे ठेवावीत. कणा वळलेल्या मुठीच्या गाठींसारखा टोकदार लागला, तर शेळी रोड. तळहाताच्या मांसल भागासारखा लागला, तर स्थूल. उघड्या पंज्याच्या पाठीवर बोटांच्या मुळाशी लागते तसे लागले, की योग्य. काळीचा कणा बोटांना सापडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी बादली आली, ती मी दारातच अडवली.

"वहिनी, कंपनीचा भात टाकून कडबा चारायचा व्हय?" दीर म्हणाले. "लोक म्हनतील, मास्तरीणबाईंनी शेळीला उपास धरायला लावला."

"उपास न्हाई, पथ्य हाय," जाऊ आतूनच ओरडली. "तुमाला बी लागंल थोडं."

दीरांनी शर्ट खाली ओढला आणि बादली परत नेली.

गाभण शेळीचे खाणे एकाएकी तोडणे घातक असते, म्हणून बोकड दाखवण्याआधीच तिला हलके करायचे होते. भात बंद केला. कुट्टी केलेला कडबा, तुरीचे भूस, थोडी सुबाभूळ असा चारा ठेवला. कंपन्यांच्या भिंतींनी गायरान खाल्ले आहे, तरी भिंतीकडेच्या रस्त्याने जाऊ तिला रोज फिरवून आणी. काळी पहिले आठ दिवस बादली टांगायच्या खिळ्याकडे पाहून ओरडे. दर रविवारी आम्ही दोघी कणा तपासत असू. अडीच महिन्यांनी जावेचे बोट थांबले. तिने स्वतःच्या पंज्याची पाठ चाचपली, पुन्हा काळीची.

"ताई, लागला!"

मग बोकड दाखवला. शेवटच्या महिन्यात भरडलेला मका थोडा थोडा वाढवत नेला, कारण तेव्हा करडे झपाट्याने वाढतात.

भर दुपारी काळी व्याली. दोन पाठी, म्हणजे दोन्ही मादी करडे. तासाभरात दोन्ही उभ्या राहून आचळाला लागल्या आणि काळीने मान वळवून कडब्याचा घास घेतला. जाऊ रडू लागली, मग हसू लागली. पहिल्या शिफ्टहून आलेले दीर कंपनीच्या गणवेशातच एकेक पाठ एकेका काखेत घेऊन आळीभर फिरून आले.

संध्याकाळी शेजारचे भाऊ आपली गुबगुबीत शेळी घेऊन दाराशी आले. "कशी टच्च झालीय बगा, वहिनी!"

जावेने शेळीच्या पोटाकडे पाहिलेही नाही. "आदी मूठ वळा, भाऊ," ती म्हणाली.