ग्लोव्हमधला हात

"हात काढ. आधी हात काढ म्हणते ना!"

मी हात काढला. डावा हात. बोटं जेमतेम आत गेली होती. आत अजून ऊब होती, कारण माझ्या आधी तो ग्लोव्ह सुलभाच्या हातात होता. बाईंनी तो दोन बोटांत उचलला, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तसा. मैदानाच्या कोपऱ्यातल्या नळाकडे गेल्या. पदर खोचला. शिपायाकडून कपड्यांचा साबण मागवला आणि तो चामड्याचा ग्लोव्ह आतून-बाहेरून घासून धुतला. सगळ्या मुली रांगेत उभ्या राहून बघत होत्या. मीही बघत होते. मग ग्लोव्ह कठड्यावर उन्हात ठेवला.

परत येऊन बाई माझ्याशी गोड बोलल्या. ते साबणापेक्षा जास्त झोंबलं.

"मला स्वतःला काही नाही गं. मी असलं काही मानत नाही. पण बाकीच्या मुलींच्या घरचे उद्या बोलले तर? तू हुशार आहेस. गणित चांगलं आहे तुझं. तू आपली स्कोअर लिही."

अशी मी स्कोअरवाली झाले. नावानं हाक मारणं त्या दिवसापासून बंद. "ए स्कोअरवाली, वही आण."

शाळा गिरगावातली. मी परळच्या भोईवाड्यातून ट्रामनं यायची. आम्ही चांभार. हिंदमातापाशी साड्यांच्या दुकानांसमोर, फुटपाथवर आबांची बैठक होती. पेटी, ऐरण, वरती गोणपाट. वर्गात हे सगळ्यांना माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, त्या आपल्याआधी वर्गात येऊन बसलेल्या असतात.

आमच्या ड्रिलच्या बाई मद्रासकडे व्यायामाचं शिक्षण घेऊन आल्या होत्या आणि येताना सॉफ्टबॉल हा नवाच खेळ घेऊन आल्या होत्या. दोन बॅटी, चार चेंडू, सहा ग्लोव्ह. ग्लोव्ह सगळ्यांचे मिळून. एकीनं काढायचा, दुसरीनं घालायचा. एकीचा घाम दुसरीला चालायचा. माझा नाही.

वही मात्र मी मन लावून शिकले. राग होता, तरी शिकले. त्या खेळात एक गंमत आहे. बॅटरनं चेंडू असा मारला की कुणालाच अडवता येऊ नये, तर ती हिट. बॅटरचं श्रेय. पण साधारण मुलीला सहज जमलं असतं ते फील्डरनं घालवलं, तर तो एरर. फील्डरच्या नावावर. आणि हे ठरवायचं कुणी? पंचानं नाही. बाईंनी नाही. स्कोअररनं. बाईंच्या इंग्रजी पुस्तकात तसं छापलेलं होतं, मी तीनदा वाचलं. अख्ख्या शाळेत माझं मत चालेल अशी ती एकच जागा होती. मी ती जागा जिवापाड जपली. मैत्रीण असो, नावडती असो, चेंडू बघायचा आणि लिहायचं. पेन्सिलीनं नाही. शाईनं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. भिंतीभिंतीवर चुन्यानं लिहिलेलं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे". सुलभाचे वडील शाळेच्या कमिटीवर होते. शाळेजवळच्या वाडीतल्या सभेत त्यांनी भाषण केलं, आपण सगळी एका आईची लेकरं. मी टाळ्या वाजवल्या. आबा हातोडी पेटीत टाकून मोर्च्याला जायचे आणि घसा बसवून यायचे. बाईंनी आम्हा मुलींची प्रभातफेरी काढली तेव्हा घोषणा द्यायला मला पुढे घेतलं, कारण माझा आवाज मोठा. आवाज चालत होता. हात चालत नव्हता.

आता चामड्याचं ऐका. ते साबणानं धुऊन उन्हात वाळवलं की लाकूड होतं. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. बाईंना माहीत नव्हतं. आठवड्यानं ग्लोव्ह मिटेना. बाकीच्या पाचांच्याही शिवणी उसवल्या होत्या. बाईंनी सहाही ग्लोव्ह वर्तमानपत्रात बांधून माझ्याकडे दिले. "तुझे वडील करतात ना हे काम?"

वर्तमानपत्रातून नेलेले चालतात. हे मला नवीन कळलं.

आबांनी सहाही नीट शिवले. आतल्या बाजूनं शिवायला पंजा पार आत घालावा लागतो, तसा घालून. दोऱ्याचं टोक दर वेळी तोंडात ओलं करून. शेवटी तो कडक झालेला हातात घेतला, वास घेतला आणि त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं.

"ह्यो पान्यात कुनी घातला गं? साबनाचा वास येतोय."

मी वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. त्यांनी तेल चोळलं, गुडघ्यावर घेऊन वाकवला, पुन्हा तेल चोळलं. मग माझ्यापुढे धरला.

"घाल बघू हात. बोटं वळत्यात का बघ."

"नको, आबा."

"अगं घाल की. त्याबिगर मला कसं कळायचं?"

मी हात पाठीमागे घेतला. आबांनी आधी ग्लोव्हकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना विचारायची गरजच नव्हती. ग्लोव्ह खाली ठेवून म्हणाले, "ह्यो काय पुरता सुधरायचा न्हाय. धुनाऱ्यानं मारलाय त्याला." मग पेटी आवरली.

त्या रात्री मला रडू आलं नाही. शिसारी आली. आजवर बाईंना आणि वर्गातल्या मुलींना माझी यायची, आता मला त्यांची आली. इतकी स्वच्छ शिसारी मला आधी कधी आली नव्हती.

पुढच्या शनिवारी दादरच्या एका शाळेशी सामना होता, त्यांच्या मैदानावर. त्या सामन्यानंतर वह्या बघून मुंबईच्या मुलींचा संघ निवडायचा होता. आमच्याकडून सुलभाचं नाव होतं. तिच्या नावावर तोवर एकही एरर नव्हता. नव्हता म्हणजे खरंच नव्हता. खेळायची ती चांगली. मीच लिहिलं होतं, मला माहीत आहे.

नेमका तोच धुतलेला ग्लोव्ह तिच्या वाट्याला आला. पाचव्या डावात दादरच्या मुलीनं एक आळशी चेंडू वर उडवला. सुलभाला जागचं हलायलाही नको होतं. तिनं ग्लोव्ह पुढे केला. चेंडू आत पडला आणि फळीवर आपटावा तसा उडून बाहेर गेला. बॅटर धावत पहिल्या बेसवर.

मी टाक उचलला. बाई बाकापाशी आल्या.

"हिट लिही."

"बाई, सहज झेल होता."

"उन्हामुळे दिसला नाही तिला. हिट लिही. तिच्या निवडीचा प्रश्न आहे. तिच्या वडिलांना मी काय तोंड दाखवू? आणि तुझं काय जातंय यात?"

माझं काय जातंय? माझ्याजवळ होतंच काय जायला? ती वहीच काय ती होती. तीही खोटी केली तर मग मी खरंच फक्त ग्लोव्हची पुडकी वाहणारी पोर.

तरी एक क्षण हात थांबला. कारण सुलभानं चूक केली नव्हती, हे मला ठाऊक होतं. चूक नळावर झाली होती. पण वहीत बाईंच्या नावाचा रकाना नव्हता. नियम चेंडू बघतो. मी एरर लिहिला.

"खोड ते."

"शाईनं लिहिलंय."

बाईंचा चेहरा लाल झाला. "तुम्हा लोकांना जरा जवळ केलं की..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी केलं. उभी राहिले आणि प्रभातफेरीतला आवाज काढला, मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा.

"बाई, झेल सुटला कारण ग्लोव्ह कडक झालाय. कडक झाला कारण मी हात घातला म्हणून तुम्ही तो साबणानं धुतलात. आणि धुऊन उपयोग काय झाला? सहाच्या सहा ग्लोव्ह माझ्या आबांनी शिवलेत. आत हात घालून. दोरा तोंडात ओला करून."

मग सुलभानं ग्लोव्ह झटकून टाकला आणि हात परकराला पुसला. पुन्हा पुन्हा पुसला. तिचं बघून दुसरीनं टाकला, तिसरीनं टाकला. पाच ग्लोव्ह गवतात पडले. एकटी नलू नावाची मुलगी तशीच उभी राहिली, ग्लोव्ह घालून. तिच्याशी माझी मैत्री नव्हती, पुढेही झाली नाही, पण तिनं तो काढला नाही हे मला लिहून ठेवायचं आहे.

उरलेला सामना आमच्या मुली बोडक्या हातांनी खेळल्या. पोटात काही पडो न पडो, सोवळं सांभाळायचं. चेंडू बोटांवर बसत होते, निसटत होते. मी लिहीत होते. कठीण चेंडूला हिट, सहज चेंडूला एरर. एकही जास्त लिहिला नाही आणि एकही कमी नाही. सामना हरलो. सुलभाची निवड झाली नाही. मला तिची दया आली नाही, खोटं कशाला बोलू? किळस आली. हात पुसणाऱ्या त्या परकराची आली.

सोमवारी आबांना शाळेत बोलावलं. धुतलेला सदरा घालून आले. बाई म्हणाल्या, मुलीनं माफी मागितली पाहिजे, चारचौघांत. आबांनी विचारलं, "पोरीनं खोटं लिवलं काय?"

बाईंनी समोरची वही मिटली.

"मंग माफी कशाची?"

जाताना एवढंच म्हणाले, की शाळेचं काम पुन्हा त्यांच्याकडे पाठवू नये.

मला शाळेतून काढलं नाही. काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि ते कारण लिहायची कुणाची तयारी नव्हती. वही मात्र काढून घेतली. "आता तुझं काम नाही," बाई म्हणाल्या. "तू घरी गेलीस तरी चालेल."

मी घरी गेले नाही. त्या शनिवारी नवे ग्लोव्ह वाटायची रांग लागली, तिच्यात सगळ्यांत पुढे जाऊन उभी राहिले. डावा हात पुढे केला. बाईंनी नजर फिरवली आणि माझ्या मागच्या मुलीला ग्लोव्ह दिला. पुढच्या शनिवारी पुन्हा पहिली उभी राहिले. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मॅट्रिक होईपर्यंत एकही शनिवार चुकवला नाही. कधीतरी देतील अशी आशा होती म्हणून नाही. आशा नव्हतीच. 'नाही' म्हणायचंच असेल तर ते त्यांनी दर शनिवारी या हातासमोर उभं राहून म्हणावं, म्हणून.

तो हात मी अजून खाली घेतलेला नाही. घेणार नाही.