जरा म्हणजे किती?

त्याला सगळे वादळ म्हणत आणि त्याच संघातली दुसरी गाडी चालवणाऱ्याला घड्याळ. गाड्या सारख्या, टायर सारखे, मेकॅनिकही एकच. तरी घड्याळ दर शर्यतीत पहिला नाहीतर दुसरा, आणि आमचं वादळ आज त्यालाही धूळ चारणार, उद्या गाडीसकट खड्ड्यात. असं का, ते कुणालाच कळेना; त्याला तर मुळीच नाही. टायर बदलून झाले, झोप वाढवून झाली, मॅनेजरने एकदा दोघांच्या गाड्यांचीसुद्धा अदलाबदल करून पाहिली. घड्याळ पहिला आला, वादळ खड्ड्यात गेलं.

शेवटी मॅनेजर सरळ बोलला. पुढच्या वर्षी दुसरी गाडी कुणाला द्यायची, ते या शर्यतीवर ठरेल. वादळाचा जीव टांगणीला लागला. गाडी चालवण्यापलीकडे बिचाऱ्याला येत तरी काय होतं!

शर्यत डोंगररस्त्यांवरची, पुढचं वळण आधी दिसायचं नाही; म्हणून शेजारच्या सीटवर वादळाची ताई बसायची. सरावाच्या फेरीत तो वळणं बघून सांगायचा, ती लिहून घ्यायची आणि शर्यतीत मोठ्याने वाचायची. घड्याळ वळण किती अवघड, ते आकड्यांत सांगायचा. वादळाला आकड्यांचा कंटाळा. त्याचं आपलं 'जरा डावं', 'चांगलंच उजवं'.

शर्यतीची शेवटची फेरी उरली होती. मधल्या सुट्टीत तंबूत जेवताना ताईने विचारलं, वाढू का. तो म्हणाला, जरा. तिने नेहमीसारखं ताट भरलं आणि मग तिचाच हात थांबला.

"तुझा जरा म्हणजे किती रे?"

"जरा म्हणजे जरा."

"जरा जाऊन येतो म्हणतोस नि संध्याकाळी उगवतोस. जरा दुखतंय म्हणालास तेव्हा हात मोडला होता."

तो घास हातात धरून बसला. खुशीत असताना उडवून लावलेलं वळण जरा, आणि धास्तीने दबकत सांगितलेलंही जराच. ताई वाचायची सगळं एका सुरात. मग इतकी वर्षं आपण कशाच्या भरवशावर ब्रेक दाबत होतो, हे त्याचं त्यालाच उमजेना.

नव्याने लिहायला वेळ नव्हता. ताई म्हणाली, तू जसं म्हणाला होतास तसंच वाचते. लहानपणापासून त्याची नाटकं तिनेच तर पाहिलेली. एक जरा ती हसत वाचायची, दुसरा घाबऱ्या आवाजात, आणि गाडी सुसाट निघाली. एका टेकाडामागे मात्र ती अडली. तिथे तो कसा म्हणाला होता, ते काही केल्या आठवेना. त्याने ब्रेक दाबला. वळण अगदीच किरकोळ निघालं. घड्याळ पहिला, वादळ दुसरं, गाडी धडधाकट.

मॅनेजरने पाठ थोपटली. पुढच्या वर्षाचं विचारायला वादळाची जीभ रेटेना, म्हणून ताईनेच विचारलं.

"हो हो, जरा बघू आपण," म्हणत मॅनेजर घाईघाईने निघून गेला.

वादळ ताईकडे वळलं. "हा कोणता जरा गं?"

ताईने तो शब्द मनात दोनदा घोळवून पाहिला. परक्या माणसाचा सूर; तिला काही लागेना.