अर्धं राहिलेलं नमन

आमच्या गावात रेडिओ आला तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो. पुढे आम्ही मुंबई राज्यात गेलो, तेही त्याच रेडिओवरून कळलं. धानाच्या बांध्या होत्या तिथेच होत्या, वैनगंगाही जागची हलली नव्हती, त्यामुळे कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. वाचता येणारा पगारी माणूस दुसरा नव्हता, म्हणून पंचायतीने रेडिओच्या पेटीची किल्ली माझ्या गळ्यात बांधली. हौस वगैरे मला काही नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे लोकांनी माझ्या हौसेच्या पुष्कळ गोष्टी रचल्या.

पेटी चावडीत लाकडी कपाटात असे, आणि कर्णा बाहेर कडुलिंबाला बांधलेला. दोन उंच बांबूंवर तार ताणली होती. दुसरी तार जमिनीत पुरलेली होती, आणि तिच्यावर रोज तांब्याभर पाणी ओतावं लागे, नाहीतर खरखर वाढायची. मी रोज सायंकाळी पाणी घालतो हे बघून एका म्हातारीने तिथे हळदकुंकू वाहायला सुरुवात केली. मी तिला समजावण्याच्या फंदात पडलो नाही. बॅटरी उतरली की बसवर टाकून ब्रह्मपुरीला जायची आणि भरून कधी यायची ते ड्रायव्हरच्या मर्जीवर. तोवर चावडी मुकी. लोक मला विचारत, काऊन मास्तर, आज रेडिओ बोलत नाई? जसं काही मीच त्याचा गळा धरून बसलो होतो.

लागायचं ते नागपूर केंद्र. भजन, बातम्या, बाजारभाव आणि शेतकऱ्यांसाठी काही ना काही. कापसाचे भाव आम्ही मान हलवून ऐकायचो, गावात कापसाचं बोंड कोणाकडे नसताना. संत्र्याच्या झाडाला कीड लागली तर काय फवारावं, हे तर इतक्यांदा ऐकलं की ज्या पोरांनी संत्रं खाल्लं नव्हतं त्यांनाही औषधाचं नाव पाठ झालं. शेवटी वैतागून मी नागपूरला कार्ड टाकलं, की इकडे धान पिकतो, त्याच्यावरही दोन शब्द बोला. काही आठवड्यांनी खरंच धानाच्या करप्यावर कोणीतरी बोललं. झालं! रेडिओ ऐकवतो तसा ऐकतोही, अशी गावाची खात्री पटली.

नागपूर बंद झालं की माझा कार्यक्रम. पत्र्याचा भोंगा घेऊन मी चावडीच्या ओट्यावर उभा राहायचो. कोणाची गाय कोंडवाड्यात आहे, तेंदूपानं विकत घेणारी फळी कधी उघडणार, नाल्यावर वाघाचे पंजे दिसलेत तर मोहफुलं वेचायला एकट्याने जाऊ नका, असलं काहीबाही. लोक नागपूरच्या वेळी गप्पा मारत आणि माझ्या वेळी गप्प बसत. चार गावांत आमचं केंद्र म्हणून ओळखलं जायचं ते हेच.

आता दुसरी बाजू. ज्या चौकात कर्णा लागला, त्याच चौकात आधी दंडार व्हायची. दिवाळीपासून हिवाळा सरेपर्यंत आमच्या झाडीपट्टीत गावोगाव दंडार चाले. नाच, गाणं, सोंगं, सगळं त्यात आलं. आमच्या गावच्या दंडारीचे मुख्य गाणारे म्हणजे माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ. मला कळू लागल्यापासून मी त्यांच्या मागे टाळ धरून उभा असायचो. रेडिओ आला आणि लोकांना रोज सायंकाळी फुकटात नागपूर मिळू लागलं. त्या दिवाळीला गावाने दंडारीची सुपारी दिली नाही. पुढच्याही नाही. आमच्याकडे गावाने सुपारी हातावर ठेवल्याशिवाय दंडार उभी राहत नाही, आणि मागून घ्यायची तर ती सुपारी कसली?

मोठेबाबांनी भांडण केलं नाही. त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. एकाच आवारात राहायचो आम्ही, मधे एक तुराट्यांचं कुंपण. निरोप द्यायचा तर ते मोठीमायला, म्हणजे आपल्या बायकोला, सांगत, मी समोर उभा असतानाही. मला राग यायचा. रेडिओ काय मी विकत आणला होता? पण मोठीमायने एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांना पैसा नको, मान नको, आपल्या गावाने आपल्या चौकात एक वेळ उभं राहून ऐकावं एवढंच त्यांचं म्हणणं आहे. ते ऐकून माझा राग निम्मा झाला. निम्मा राहिला.

करप्याच्या कार्डामुळे नागपूरच्या एका अधिकाऱ्याला आमचं गाव माहीत झालं होतं. तो ब्रह्मपुरीकडे आला असता वाट वाकडी करून आमच्याकडे आला. लोकगीतं म्हणणारं कोणी आहे का, असं त्याने विचारलं. मी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. मोठेबाबांनी त्याला वाघ आणि गुराख्याचं गाणं ऐकवलं. त्यांनीच रचलेलं होतं. अधिकारी खूश झाला. नागपूरला या, पंधरा मिनिटं मिळतील, आधी थोडंसं नमन आणि मग हेच गाणं, असं ठरलं. मोठेबाबांनी मान हलवली. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. घड्याळ घरात नव्हतंच, आणि दंडारीला ते कधी लागलं नव्हतं.

इथे नमनाचं सांगितलं पाहिजे. दंडार सुरू होण्याआधी देवांना बोलावतात. गणपती, शारदा, चार दिशा झाल्या की मग आसपासच्या गावांचे देव, एकेक करून, त्यांच्या ठिकाणासकट. कोणाचा वाघोबा, कोणाचा नागोबा, कोणाचा मारुती, जंगलातल्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, गोंडांचा भिवसन. एकही सुटता कामा नये. आणि सगळ्यात शेवटी आपल्या गावची मातामाय. पाहुणे आधी, घरधनीण शेवटी, लग्नाच्या पंगतीत असतं तसंच. घरच्या माणसांना मात्र नमन नसतं. त्यांनी मागे उभं राहून टाळ धरायचे.

मोठेबाबा डफवाला, टाळकरी आणि चोनकं वाजवणारा अशा तिघांना घेऊन छोट्या रुळांच्या आगगाडीने निघाले, नागभीडला गाडी बदलून नागपूरला पोचले. माझ्या जागी टाळकरी म्हणून त्यांनी शेजारच्या गावचा माणूस घेतला होता. ते मला लागलं.

त्या सायंकाळी आमच्या चौकात जत्रा होती. आजूबाजूच्या गावांतून बैलबंड्या जुंपून लोक आले होते. टोल्यावरचे गोंड कंदील घेऊन आले होते. बायका नेहमीप्रमाणे चावडीमागच्या भिंतीआड बसल्या, मोठीमाय सगळ्यांत पुढे. बॅटरी मी तीन दिवस राखून ठेवली होती, कोणी कितीही बोंब मारली तरी.

मोठेबाबांचा आवाज कर्ण्यातून आला आणि चौक गार झाला. गणपती झाला, शारदा झाली, दिशा झाल्या. मग देव यायला लागले. ज्या गावचा देव येई त्या गावचे लोक कपाळाला हात लावत आणि आजूबाजूला बघत. भिवसनाचं नाव आलं तेव्हा एक म्हातारा गोंड उठून उभाच राहिला. बाहेरगावचे सगळे परमुलखातल्या पाहुण्यांसारखे सजून बसले होते. देव सरत आले तशी आमच्या गावची माणसं पुढे सरकली. पुढची ओळ आमची, हे लेकराबाळांना ठाऊक होतं. मोठेबाबांनी सूर चढवला, 'आता नमन माझ्या...' एवढंच म्हटलं आणि आवाज तुटला. एका बाईने नागपुरी टापटिपीत सांगितलं, की आपण आतापर्यंत लोकगीतं ऐकलीत. आणि त्याच्यामागून संत्र्यावरची कीड.

हसण्यासारखंच होतं, पण कोणी हसलं नाही. एकजण उठता उठता म्हणाला, "बाहेरच्याइचे सारे देव जेवले, आपली माय तेवढी उपाशी ठेवली." लोक पांगले. मी किल्ली फिरवली. त्या दिवशी गायीम्हशींचा कार्यक्रम मी केला नाही.

टाळकऱ्याने नंतर सांगितलं, की त्या खोलीत भिंतीवर लाल दिवा होता. तो विझला तरी मोठेबाबा गात होते. अधिकाऱ्याने येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते थांबले. अधिकारी काही वाईट बोलला नाही, चहा पाजला. नमन आवरतं घ्यायला हवं होतं, एवढंच म्हणाला. आवरायचं म्हणजे कोणत्या देवाला दारातून परत पाठवायचं, असं मोठेबाबांनी त्याला विचारलं.  

ते परत आले ते मागच्या वाटेने, चौक टाळून.  गावाचं म्हणणं, त्यांनी मायची माफी मागावी. त्यांचं म्हणणं, मी रीत मोडली नाही, माफी कशाची? दोघेही आपल्या जागी ठाम. आमच्याकडे अशा भांडणात आवाज चढत नाही, नुसती राम राम म्हणायची वेळ टळत जाते.

आणि मग गंमत झाली. धान निघाल्यावर एक बंडी दारात आली. शेजारच्या गावची माणसं होती. त्यांनी सुपारी पुढे ठेवली. म्हणाले, "आमच्या वाघोबाले तुमी बोलावलं जी. बोलावून बसवून ठेवलं. आता खेळ दाखवल्याबिगर थो उठन कसा?" त्यांचंही खरं होतं. नमन झालं आणि दंडार झाली नाही, तर बोलावलेला देव तसाच तिष्ठत राहतो अशी समजूत. दुसरी बंडी आली, तिसरी आली. ज्यांच्या देवाचं नाव रेडिओवरून गेलं त्या प्रत्येक गावाला दंडार हवी होती. टोल्यावरचे गोंड तर चालत आले आणि त्यांना घेऊनच गेले. मोठेबाबांना दम खायला सवड मिळेना. फक्त आमचं गाव गप्प. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मी त्या हिवाळ्यात रोज बघत होतो. गावोगाव गाऊन ते घरी येत, पाय धूत आणि कुंपणाकडे पाठ करून बसत. मोठीमायने जेवण वाढलं की अर्धं ताटात ठेवत. मला त्यांचं वाईट वाटायचं. खरं सांगतो, वाईट वाटतंय याचाही राग यायचा.

मग एका सायंकाळी बातम्या चालू असताना मोठीमाय भिंतीआडून उठली आणि सरळ चावडीच्या ओट्यावर आली. बाई माणूस तिथे कधी येत नसे. पुरुषांनी पाय आखडून घेतले. ती मला म्हणाली, "बाबू, थो रेडिओ बंद कर."

मी केला. बातमी अर्धीच राहिली.

ती मग लोकांकडे वळली. "नागपूरची बत्ती विझली म्हणून नमन सरलं का जी? थे मधातच रायलं आहे. बाहेरचे देव आपापल्या घरी गेले. आपली माय अजून वाट पाहून राह्यली. तुमचा रुसवा घेऊन बसा, पन तिले उठवा."

  पाटील उठला, स्वतःच्या बटव्यातली सुपारी काढली आणि आमच्या घराकडे चालू लागला. त्याच्यामागून आणखी दोघे गेले.

मोठेबाबा आले ते होते तसेच, डोक्याला फडकं, हातात डफ. सोंगं नव्हती, साथीदार नव्हते, चोनकंवाला आपल्या गावी. ते कर्ण्याखाली उभे राहिले. त्यांनी गणपतीपासून सुरुवात केली नाही. आधीचे देव घेतले नाहीत. जिथे तुटलं होतं तिथूनच उचललं, 'आता नमन माझ्या...' पण मायचं नाव घेण्याआधी थांबले. चावडीच्या कपाटाकडे वळले आणि नमनात एक नवी ओळ घातली. नागपूरहून आलेल्या, आमच्या चावडीत उतरलेल्या, बोलत्या पाहुण्याला नमन. हसू फुटलं लोकांना, पण मला फुटलं नाही. पाहुणे आधी. रीत त्यांनी तेव्हाही मोडली नाही. त्यानंतर मातामायचं नाव आलं, पूर्ण, तिच्या ठिकाणासकट, आणि भिंतीआडून बायकांचा एकच मोठा सुस्कारा ऐकू आला.

पेटीची किल्ली माझ्या हातात होती. पेटी पाहुणी ठरली तर पेटीवाल्याचाही नंबर आता लागणार, असं मी धरून चाललो होतो. पाहुण्याबरोबर मलाही हात जोडले जातील, चारचौघांत, परक्यासारखे. मी मान खाली घालून उभा राहिलो.

त्यांनी हात जोडले नाहीत. कमरेचे टाळ सोडले आणि माझ्यापुढे धरले. अबोला धरल्यापासून ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले, आणि तेही फार नाही.

"धर," म्हणाले. "मागं उभा राय."